औषधाच्या खोक्यात कोणत्या भाषेची चिठ्ठी?

वाचकाचे पत्र : "मी गोव्यातल्या साखळी गावची आहे आणि पणजीत बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षात शिकते. पदवीनंतर औषध कंपनीच्या रेग्युलेटरी विभागात काम करावे आणि त्या कामाच्या बळावर पुढे परदेशापर्यंत पोहोचावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा हवी, असे सगळेच सांगतात. पण ती कोणती, यावर कोणा दोघांचे मत जुळत नाही. पुण्याची मावसबहीण जर्मनचा आग्रह धरते. वर्गातल्या दोघींनी जपानीचे ऑनलाइन वर्ग सुरू केले आहेत. बाबांचे म्हणणे असे, की गोव्यात राहून पोर्तुगीज सोडायची म्हणजे दारातली विहीर सोडून टँकरची वाट पाहायची. शाळेत नववी-दहावीला माझे फ्रेंच होते. गुण भरपूर मिळाले, भाषा मात्र राहिली नाही. आजोबांना गोवा मुक्तीसाठीच्या १९५५ च्या सत्याग्रहात अटक झाली होती. ते म्हणतात, 'ज्या भाषेत आम्हाला शिक्षा वाचून दाखवली, ती भाषा या घरात नको.' मी काय करावे?" – एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर :

तुमच्या पत्रातले दुसरे वाक्य तुम्ही बहुधा सहज लिहून गेलात, पण मला अर्धे उत्तर त्यातच सापडले. कोणती भाषा शिकू, असे विचारणाऱ्या बहुतेक पत्रांत पुढे काम कोणते करायचे याचा पत्ताच नसतो, आणि मग उत्तर देणाऱ्यालाही कोणती भाषा किती कोटी लोक बोलतात याचा हिशेब मांडत बसावे लागते. हा हिशेब फारसा उपयोगाचा नाही. चिनी बोलणाऱ्यांची संख्या अफाट आहे, म्हणून साखळीच्या मुलीला चिनीमुळे नोकरी लागेल असे होत नाही. तुम्हाला काम ठाऊक आहे. त्यामुळे तुमच्या टेबलावरून निघालेला कागद कोणत्या देशातला अधिकारी वाचणार, एवढ्याच प्रश्नाचा शोध तुम्हाला घ्यायचा आहे.

रेग्युलेटरी विभागाचे काम तुम्ही अभ्यासक्रमात वाचले असेलच. तरी इतर वाचकांसाठी थोडे सांगतो. एखादे औषध परक्या देशात विकायचे, तर त्या देशाच्या नियामक संस्थेकडे त्याची जाडजूड फाइल द्यावी लागते. या विभागातले लोक तिला डॉसियर म्हणतात. बहुतेक मोठ्या देशांत तिचा साचा आता ठरलेला असून त्याचे पाच भाग असतात. गुणवत्ता, प्राण्यांवरील चाचण्या, रुग्णांवरील चाचण्या अशा मजकुराचे चार भाग सर्वत्र जवळपास सारखेच राहतात. पहिला भाग मात्र देशागणिक बदलतो : अर्ज, परवाने, लेबलाचा मसुदा आणि खोक्यात घडी घालून ठेवलेली ती बारीक अक्षरांची चिठ्ठी. इतर चार भागांत इंग्रजीने पुष्कळ निभावते. पहिल्या भागात स्थानिक भाषेवाचून गत्यंतर नाही, कारण ती चिठ्ठी अधिकाऱ्याप्रमाणेच रुग्णालाही वाचायची असते.

ब्राझीलमध्ये या चिठ्ठीला 'बुला' म्हणतात. तेथील नियामक संस्था आन्विझा १९९९ साली स्थापन झाली, त्याच वर्षी ब्राझीलचा जेनेरिक औषधांचा कायदाही झाला, आणि तिथल्या जेनेरिक औषधांच्या खोक्यावर पिवळ्या पट्टीत ठळक 'जी' हे अक्षर असते. वीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात भारतीय कंपन्यांची औषधे जातात. मोझांबिक आणि अंगोला या देशांतही ती जातात, आणि त्या दोन्ही देशांची राजभाषा पोर्तुगीजच आहे. तुमच्या घरापासून तास-दीड तासाच्या अंतरात वेर्णे, कुंडई, पिळर्ण या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने उभे आहेत. विहीर आणि टँकर यांची तुलना करताना बाबांच्या मनात हे गणित होते की नाही, ते मला ठाऊक नाही, पण त्यांचा निष्कर्ष बरोबर आहे. मात्र त्यांच्या मनात पासपोर्टही असेल, तर ती गोष्ट या चर्चेतून वेगळी काढा. पोर्तुगीज भाषा आणि पोर्तुगीज पासपोर्ट यांचा उच्चार गोव्यात एका दमात होतो. वस्तुतः भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे पासपोर्टचा विचार हा नागरिकत्व सोडण्याचा विचार असतो आणि तो वकिलासमोर बसून करायचा असतो. भाषा शिकल्याने काहीच सोडावे लागत नाही.

भाषांतर आता यंत्र करते, मग भाषा कशाला, असे तुम्हाला कोणीतरी नक्की विचारील. त्यासाठी एक शब्द जवळून पाहू. पोर्तुगालमध्ये एखादा रुग्ण औषधाच्या दुकानात येऊन आपल्याला 'कोन्श्तिपासांव' झाले आहे म्हणाला, तर इंग्रजीच्या सवयीने आपण त्याच्यापुढे बद्धकोष्ठाचे औषध ठेवू. त्या बिचाऱ्याला सर्दी झालेली असते. पोर्तुगालमध्ये या शब्दाचा रोजचा अर्थ सर्दी-पडसे हाच आहे. बद्धकोष्ठासाठी ते 'प्रिझांव द व्हेंत्र', म्हणजे शब्दशः 'पोटाची कैद', असे म्हणतात, आणि चिठ्ठीवर 'ओब्श्तिपासांव' छापतात. ब्राझीलमध्ये मात्र वैद्यकीय लिखाणात पहिलाच शब्द बद्धकोष्ठासाठी चालतो. एकाच शब्दाचा अटलांटिकच्या एका काठावर एक अर्थ आणि दुसऱ्या काठावर दुसरा. शिवाय चिठ्ठीत तो दुष्परिणामांच्या यादीत येणार. यंत्र मसुदा झटकन काढून देईल, परंतु त्या मसुद्याखाली नाव घालणारे माणूस लागते, आणि ते माणूस होण्यासाठीच तुम्हाला भाषा शिकायची आहे.

नुसती भाषा आली म्हणजे भागले, असेही नाही. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका परिचिताने आपल्या आजोबांच्या वेळचे पोर्तुगीज खरेदीखत मला वाचायला दिले. माझा शब्दसंग्रह तेव्हा बरा होता आणि आत्मविश्वास त्याहून बरा. खतात 'प्रेदियु रुश्तिकु' असे लिहिलेले होते. प्रेदियु म्हणजे इमारत आणि रुश्तिकु म्हणजे खेडवळ, एवढ्या ज्ञानावर मी 'गावठी पद्धतीची इमारत' असे लिहून दिले. ते गृहस्थ दोन दिवस आपल्या भाटातली ती इमारत शोधत होते. कायद्याच्या पोर्तुगीजमध्ये प्रेदियु म्हणजे स्थावर मिळकत, आणि रुश्तिकु लावले की ती शेतीभाटाची जमीन होते. तिथे माडांखेरीज उभे असे काही नव्हतेच. भाषा मला येत होती, खतपत्राचा व्यवहार येत नव्हता. तुमच्या बाबतीत उलट आहे : औषधाचा व्यवहार तुम्हाला येतो आहे, भाषा मिळवायची आहे. ही स्थिती केव्हाही अधिक चांगली, कारण औषधशास्त्र जाणणारा भाषांतरकार मिळणे फार कठीण असते.

आता इतर भाषांकडे वळू. मावसबहिणीचा आग्रह निराधार नाही. कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा जर्मनीने २०२४ साली केली, आणि तिथली बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्कही घेत नाहीत. तुम्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे जाऊन तिथेच राहायचे ठरवले असते, तर मीही जर्मनच सांगितले असते. मात्र जर्मनीत फार्मासिस्ट म्हणून औषधाच्या दुकानात उभे राहायचे असेल, तर व्यवसायाच्या परिभाषेत सी१ पातळीची परीक्षा द्यावी लागते. ए१ ते सी२ या सहा पातळ्यांच्या शिडीवरची ती पाचवी पायरी आहे. मराठी माणसाला जर्मनमधली तीन लिंगे इंग्रजी माणसाइतकी छळत नाहीत, एवढा दिलासा देतो. मुलीसाठीचा 'मेटशन' हा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे, हे ऐकून इतर विद्यार्थी डोक्याला हात लावतात. कोकणीत रोज 'तें चेडूं' म्हणणाऱ्याला त्यात नवल वाटू नये.

जपानीबद्दलही असेच एक गुपित आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा, की कामापुरती पोर्तुगीज, स्पॅनिश किंवा फ्रेंच येण्यास वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात आणि जपानीला सुमारे २,२०० तास. हे आकडे मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांसाठी आहेत, ही गोष्ट ते उद्धृत करणारे विसरतात. 'मी पाणी पितो' याचे जपानी 'वाताशि-वा मिझु-ओ नोमिमास' असे होते : कर्ता, कर्म, क्रियापद, अगदी आपल्याच क्रमाने. 'टोकियोला' म्हणायला 'तोक्यो-नि'. प्रत्यय शब्दाच्या मागे, जसा आपल्याकडे. म्हणजे मराठी माणसाला वाक्यरचनेचा डोंगर चढावाच लागत नाही. लिपीचा डोंगर मात्र चुकत नाही, कारण नित्य वापराच्या कांजी चिन्हांची अधिकृत यादीच २,१३६ चिन्हांची आहे. पाच पातळ्यांच्या जेएलपीटी परीक्षेतली खालून दुसरी, एन४ पातळी, जपानच्या कुशल कामगार योजनेतल्या बहुतेक कामांना पुरते, पण नियामक संस्थेशी पत्रव्यवहार करायचा तर त्याच्या पुष्कळ पुढे जावे लागेल. त्या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसतेच, हे तुमच्या मैत्रिणींच्या कानावर घाला. प्रमाणपत्र हाती येऊनही तोंड उघडत नाही, असे विद्यार्थी त्यामुळेच भेटतात.

मोरजी-हरमलकडे रशियनची चलती आहे. ती हॉटेलांच्या आणि टॅक्सींच्या कामाची, तुमच्या नव्हे.

फ्रेंचची गोष्ट जरा अवघड आहे. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल, आयव्हरी कोस्ट यांसारख्या देशांत फ्रेंचमध्येच कारभार चालतो, भारतीय औषधे तिथेही जातात, आणि कॅनडात स्थायिक होऊ पाहणाऱ्यांना २०२३ पासून फ्रेंचसाठी वेगळी निवडयादी उपलब्ध झाली आहे. पणजीत आलियाँस फ्रान्सेझ आहे. तरीही शाळेत दोन वर्षे फ्रेंच घेतले होते, एवढ्याच कारणासाठी फ्रेंच पुढे चालवू नका. तुम्हीच लिहिता की गुण मिळाले, भाषा राहिली नाही. म्हणजे सुरुवात पुन्हा पहिल्या पानापासूनच करायची आहे. त्या दोन वर्षांचा एक लाभ तेवढा खरा : क्रियापदे कर्त्याप्रमाणे बदलणे, नामांना लिंग असणे, ही रोमान्स भाषांची रीत तुम्ही एकदा पाहिली आहे. पोर्तुगीज शिकताना ती ओळख उपयोगी पडेल.

पोर्तुगीजमध्ये तुम्हाला याहून मोठे भांडवल घरीच सापडेल. पगार, बटाटा, चावी, घमेले, कोबी, काजू, अननस हे शब्द आपल्या मराठीने पोर्तुगीजकडूनच घेतले. शेजारच्या कोकणीतले जनेल, मेज, कदेल, इस्कोल हेही तिथलेच. 'सांव', 'पांव' यांतला तो नाकातला उच्चार साधण्यासाठी दिल्लीच्या विद्यार्थ्याला महिनाभर आरशासमोर तोंड वेडेवाकडे करावे लागते. गोव्याच्या नाकाला त्याचा सराव असतो. शिक्षकांची उणीव नाही : ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचा पोर्तुगीज विभाग आहे, पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचे भाषाकेंद्र आहे. एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. गोव्यात शिकवली जाते ती बहुतांशी पोर्तुगालची पोर्तुगीज, आणि तुमचा कागद कदाचित ब्राझीलला जाईल. रेल्वेला लिस्बनमध्ये 'कोंबोयु' म्हणतात आणि साओ पावलोत 'त्रेंय'. औषधाच्या चिठ्ठीला पोर्तुगालमध्ये 'माहितीपत्रक' या अर्थाचे नाव आहे, ब्राझीलमध्ये ती बुला. व्याकरण वर्गात शिका आणि कान ब्राझीलकडे ठेवा. आन्विझाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त औषधांच्या बुला वाचायला मिळतात. तुम्हाला गुणधर्म पाठ असलेले एखादे औषध निवडा, पॅरासिटामॉल म्हणा, आणि त्याची बुला पुढ्यात घ्या. विषय ओळखीचा असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात किती शब्द आपोआप उलगडतात, ते पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

आजोबांचे वाक्य मी मुद्दाम मागे ठेवले होते. त्याला मी उत्तर देणार नाही, कारण तो प्रश्नच नव्हे. ती त्यांनी भोगलेली गोष्ट आहे, आणि ब्राझीलच्या बाजारपेठेचे आकडे त्यांच्यापुढे मांडणे शोभणार नाही. मात्र त्यांच्याही ओळखीची दोन नावे तुम्हाला सांगतो. साखळीहून होंड्याच्या वाटेने पुढे गेले, की सत्तरीत पिसुर्ले गाव लागते. तिथे १८९४ साली जन्मलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज अशी आत्मसात केली, की पोर्तुगीज अमदानीतच ते गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले, आणि मराठ्यांचे पोर्तुगिजांशी आलेले संबंध त्यांनी राज्यकर्त्यांच्याच दफ्तरातून काढून मराठी वाचकांपुढे ठेवले. दुसरे नाव गोवा मुक्तिलढ्यातले नेते त्रिश्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे. पॅरिसला शिकत असताना त्यांनी गोव्याची कैफियत फ्रेंचमध्ये मांडली; १९४६ नंतर पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. राज्यकर्त्यांची भाषा त्यांनाही उत्तम येत होती. हे आजोबांना पटवण्यासाठी सांगू नका. त्यांना एवढेच विचारा, की त्या दिवशी त्यांना जे वाचून दाखवले गेले, त्यातले किती त्यांना समजले होते. ते काय सांगतील याचा अंदाज मी करत नाही. पण ते बोलू लागले, तर लिहून घ्या.

अखेरीस वेळेचे बोलू. तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे तुमच्या हाती पदवीपर्यंत जेमतेम दीड वर्ष आहे, आणि प्रयोगशाळा, जर्नल, परीक्षा सांभाळून आठवड्याला सहा-सात तासांपेक्षा अधिक वेळ निघणार नाही. या गतीने पदवीपर्यंत बी१ पातळी गाठली तर उत्तम. बी२ नोकरीच्या पहिल्या वर्षात. बी२ च्या खाली कोणत्याही भाषेचे प्रमाणपत्र रेग्युलेटरी विभागाच्या फारसे कामाचे नाही, हे आधीच लक्षात घ्या, म्हणजे मध्येच स्पॅनिशचा स्वस्तातला वर्ग दिसला तरी पाय वळणार नाहीत. तीन भाषांची ए१ प्रमाणपत्रे भिंतीवर छान दिसतात आणि मुलाखतीत तीन भाषांतून नमस्कार म्हणण्याच्या कामी येतात. परीक्षा द्यायची असल्यास लिस्बन विद्यापीठाची 'दिप्ले' ही बी२ पातळीची आहे. ब्राझील सरकारची परीक्षा वेगळी, तिचे नाव सेल्पे-ब्राझ. याच काळात इंग्रजी लेखन घासूनपुसून घ्या. चौकशीच्या पत्राला चार ओळींचे निर्दोष उत्तर लिहिता आले नाही, तर पोर्तुगीजपर्यंत पोहोचण्याची वेळच येत नाही.

हे सगळे करण्यापूर्वी, वर्गाची फी भरण्याच्याही आधी, एक काम करा. औद्योगिक प्रशिक्षणासाठी किंवा एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने ज्या कारखान्यात जाल, तिथल्या रेग्युलेटरी विभागात काम करणाऱ्या कोणालाही विचारा : गेल्या वर्षी तुमच्या विभागाने कोणकोणत्या देशांसाठी डॉसियर तयार केली, आणि त्यांतल्या स्थानिक भाषेच्या मजकुरासाठी बाहेरच्या भाषांतरकाराला काम द्यावे लागले का? दोन-तीन ठिकाणी विचारा, एका उत्तरावर विसंबू नका. ब्राझील, मोझांबिक, अंगोला ही नावे कानावर आली, तर पोर्तुगीजच्या वर्गात लगेच नाव घाला. मेक्सिको, कोलंबिया, पेरू असे उत्तर आले, तर या पत्रातला निम्मा मजकूर बाजूला ठेवून स्पॅनिश घ्या. बाबांच्या विहिरीची मी मग त्यांच्याकडे माफी मागीन.